मेव्हण्याची हर्बल पुडी

माझा मेव्हणा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. वय पंचेचाळीस, सुपारीचंही व्यसन नाही. पाठदुखीने मात्र वैतागला होता. तिथल्या एका कामगाराने त्याला चकचकीत पुडी दिली. "हर्बल हाय, झाडपालाच की. बिडीत भरून वढा."

रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला आणि मटण शिजेपर्यंत म्हणून पुडी घेऊन गच्चीवर गेला. दहा मिनिटांत हाक आली, "दाजी, वर या! काळीज कारखान्यातल्या लूमवानी धडधडाय लागलंय!"

वर जाऊन बघतो तर गडी पाण्याच्या टाकीला मिठी मारून बसलेला. घामाने चिंब, डोळे लालभडक. माझी बायको धावत आली, तसं त्याने तिचे पाय धरले. "आक्का, मी काय वाचत न्हाय. तुज्या लग्नात दाजींचे बूट चोरीला गेले न्हवते. मीच घालून कॉलेजला गेलतो!"

पंचवीस वर्षं मी मांडववाल्याला शिव्या देत होतो. पण रागवायला सवड नव्हती, रिक्षा बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला, सलाईन लावलं आणि पुडी बघायला मागितली. मागे बारीक अक्षरांत छापलं होतं, फक्त सुगंधासाठी, सेवन करू नये.

"पाला नावाला आहे," त्या म्हणाल्या. "वर गांजासारखी नशा देणारं रसायन फवारलंय, गांजापेक्षा जहाल. कोणतं, किती, कुणालाच ठाऊक नसतं. झटके येतात, किडन्या निकामी होतात, माणूस दगावतोसुद्धा."

मेव्हणा उठून बसला. "आन् क्यान्सर?"

"यातली काही रसायनं पेशींतल्या जनुकांना इजा करतात, असं प्रयोगशाळेत दिसलंय. माणसाला कॅन्सर होतो का, ते अजून ठामपणे सांगता येत नाही."

"मग ते बगायचं कुनावर? माज्यावर?"

"आज तुम्ही तेच करत होता की!"

संध्याकाळी त्याला घरी सोडलं. मटण त्याने दोनदा वाढून घेतलं. बायकोने बुटांचा विषय काढला की लगेच छातीवर हात ठेवायचा.

सोमवारी तो त्या कामगाराशी भांडायलाच गेला. कामगार खाली बघत म्हणाला, "सायेब, मी रोज वढतो. सुटंना झालंय." मेव्हण्याचं भांडण तिथंच विरलं. त्याने त्याला गाडीवर मागे बसवून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

पुडी सोडल्यावर पुढचे काही आठवडे कामगाराला झोप लागेना, घास उतरेना, कुणी बोललं की अंगावर यायचा. मेव्हणा रोज दुपारी त्याच्यासमोर डबा उघडून बसायचा. एक दिवस भर कामाच्या वेळेत मला फोन आला.

"दाजी, आज त्यानं दुसरी भाकरी मागून घेतली!"