एक जानेवारीच्या नोंदी

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या छोट्या संस्थेत गावोगावच्या विहिरींची पातळी एका जुन्या लिनक्स संगणकात नोंदली जायची. त्याच्या आतली घड्याळाची बॅटरी मेली होती आणि ती बोर्डाला डाग देऊन बसवलेली, त्यामुळे बदलायला कुणी धजेना. रोज रात्री भारनियमनात वीज गेली की घड्याळ कुठल्याशा जुन्या सालातल्या एक जानेवारीवर जाऊन बसायचं. माझे वरिष्ठ रोज सकाळी मनगटावर बघून त्याला तारीख-वेळ सांगायचे, मगच चहाला हात लावायचे. "सर, पूजा झाली का?" मी विचारायचो. ते नुसते हसायचे.

दुष्काळाच्या वर्षी, उन्हाळा सुरू होता होता सर वारले. खुर्ची माझ्याकडे आली. फोनवर येणारे आकडे मी कागदावर न उतरवता थेट संगणकात टाकू लागलो. तारीख तो आपोआप लावायचा. पूजा मात्र मी बंद केली. कोण रोज ती कटकट करणार!

मे महिन्यात वीज अशी गेली की डेटाबेसचा प्रोग्रॅमच बिघडला. तयार मिळणारा नवा प्रोग्रॅम त्या जुन्या लिनक्सवर चालेना, म्हणून मूळ कोड आणून तिथंच कंपाइल करायला, म्हणजे त्यातून चालता प्रोग्रॅम घडवायला बसलो. नेमकी त्याच दिवशी देवगाव रंगारीकडच्या एका वस्तीवरची बाई आली. टँकरच्या अर्जाला त्यांच्या विहिरीच्या तीन उन्हाळ्यांच्या नोंदी हव्या होत्या. ती बाकावर बसून राहिली.

कंपायलर जुना, कोड नवा. एकेक एरर मिटवत दुपारपर्यंत एकच उरली: एक फंक्शन, म्हणजे कोडचा एक छोटा भाग, त्याला सापडत नव्हतं. तेवढ्यात वीज जाऊन आली. मी ते फंक्शन लिहिलं, पुन्हा कंपाइल केलं. तीच एरर. पुन्हा उघडून पाहिलं, माझ्या ओळी जागेवर होत्या. पुन्हा तीच एरर. शेजारी नव्या अपार्टमेंटसाठी बोअर मारत होते, त्याची पांढरी धूळ कीबोर्डवर बसत होती. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण सरांच्या खुर्चीत बसून मला घाम फुटला. माझं लिहिलेलं कुणीतरी मानायलाच तयार नव्हतं.

मग दर वेळी वर येणारी, मी न वाचता सोडलेली सूचना वाचली. फायलींची वेळ भविष्यातली आहे, असं ती म्हणत होती. वीज गेल्यानं घड्याळ परत एक जानेवारीच्या सुरुवातीला गेलं होतं. त्यामुळे आत्ता दुरुस्त केलेली फाइल संगणकाच्या लेखी तिच्यापासूनच सकाळी कंपाइल झालेल्या तुकड्याहून जुनी ठरत होती, आणि तो तिला हातच लावत नव्हता. मनगटावर बघून मी तारीख घातली. सरांची फार आठवण आली. सगळं पुसून नव्यानं कंपाइल केलं, आणि या वेळी झालं.

वस्तीच्या विहिरीच्या नोंदी उघडल्या. सरांचे दोन उन्हाळे तारखेनिशी होते. या उन्हाळ्याचं काहीच नव्हतं.

जुन्या सालातली एक जानेवारी काढली. तीन महिन्यांचे माझे सगळे आकडे तिथं, एकाच तारखेखाली पडले होते.

बाई मागं येऊन उभी होती. तिनं साल वाचलं. "तव्हा ही विहीरच नव्हती, साहेब."

चूक माझी आहे, मी तिला सांगितलं. उद्या स्वतः येतो, टेप टाकून मोजतो, म्हणालो.

"उद्याचं मोजताल," ती म्हणाली. "मागल्या तीन महिन्यांचं कसं मोजताल?"