थंडीत गोल्फ खेळून काय मिळतं

फोन आला तेव्हा मी हरभऱ्याला पाणी देत होतो. दिगांबरचा थोरला लातूरच्या दवाखान्यातून बोलत होता. म्हणाला, "काका, बाबा गेले." मी तोंड उघडायच्या आत पुढं म्हणाला, "तुमच्या खळ्यातल्या गारठ्यानं गेले." आणि फोन ठेवला. वाफा फुटून पाणी शेजारच्या वावरात गेलं तरी मी तसाच उभा. दीड महिना झाला. पोराचं ते बोलणं घशातून खाली उतरत नाही, म्हणून लिहायला बसलो.

दिगांबर माझ्या बरोबरीचा. शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या आमच्या गावात मी चौथीला शाळा सोडून नांगर धरला, तो हैदराबादकडं जाऊन एका मोठ्या गोल्फच्या मैदानावर माळी झाला. चाळीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या खेळासाठी गवत कापलं. आठवड्यात एक दिवस मैदान बंद, त्या दिवशी पहाटे माळ्यांनी खेळलं तर साहेब लोक बघून न बघितल्यासारखं करायचे. तेवढ्यावर हा खेळ शिकला. गावाकडं परत आला तो पोत्यात चार जुन्या काठ्या आणि डबाभर चेंडू घेऊन. आता आमच्या काळ्या रानात हे खेळायचं कुठं? उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. त्यात चेंडू गेला की गेला. पावसाळ्यात पाय उचलला की शेरभर चिखल उचलतो. राहिली थंडी. त्यातही पहाट, कारण ऊन वर आलं की बायका खुरपायला येतात, कुणाच्या डोक्यात चेंडू बसायचा.

माझं खळं त्याच्या डोळ्यात भरलं. मळणीला आता मशीन येतं, तरी सोयाबीन निघालं की मी दरवर्षी खळं करतो. खणायचं, पाणी मारायचं, बैल फिरवायचे, वरून शेणानं सारवायचं. बाप करायचा, म्हणून मी करतो. लोक हसतात, हसू देत. दिगांबर मात्र हसला नाही. हात फिरवून म्हणाला, असलं गुळगुळीत तर आमच्या साहेबांचंबी नव्हतं. मधल्या तिवड्याच्या, म्हणजे बैल बांधायच्या खांबाच्या, खड्ड्यात त्यानं डबा पुरला, तेच भोक. मी आधी लई भडकलो. मग एका अटीवर हो म्हणालो... खळं म्हणजे लक्ष्मीची जागा, चपला-बूट घालून आत पाय ठेवायचा नाही.

त्यानं तीन हिवाळे ती अट पाळली. लांबून चेंडू मारत यायचा, खळ्याच्या कडेला बूट काढायचा आणि अनवाणी आत जायचा. मी बाहेर शेकोटीपाशी घोंगडं पांघरून बघत बसायचो. एकदाही काठी हातात धरली नाही. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरनं त्याला छाती जप म्हणून सांगितलं, तेव्हापासून आमचं रोजचं भांडण. थंडीत हे खेळून तुला काय मिळतं, मी विचारायचो. एकदा तो चिडला.

"माणिक, तिथं मी वाकून साहेबांचे चेंडू काढत होतो. हितं मी मारतो अन् तू बघतोस. आणि तुझ्या खळ्यात आता दाणा तरी पडतो का? माझा चेंडू तर पडू दे."

मी शेकोटीत लाकूड सारलं. पण माझं म्हणणं सोडलं नाही, आजही सोडत नाही. त्या वयात, तसली छाती घेऊन थंडीत खेळू नये.

खेळाच्या शेवटच्या दिवशी तो खोकत होता. पाय काळेनिळे पडलेले. मी म्हणालो, "बुटात राहून राहून नाजूक झालास की रे." तो हसला. दोन दिवसांनी त्याला लातूरला नेलं.

तेराव्याला दिगांबरची बायको, कौसल्यावहिनी, हळूच म्हणाल्या, "भाऊजी, मोजे तरी घालू द्यायचे होते." माझं डोकंच फिरलं. मोज्यांना मी कधी नाही म्हणालो? चपला-बूट म्हणालो होतो. मोजे मला सुचले नाहीत, त्यानं विचारलं नाही.

वहिनी म्हणाल्या, "मी म्हणलं होतं त्यांना. तर म्हणले, खळं त्याचं, शब्द त्याचा."

अरे, पण विचारायचं की. तीन हिवाळे...

परवा वहिनींनी काठ्यांचं पोतं माझ्याकडं पाठवून दिलं. आज पहाटे गेलो. शेकोटी केली नाही. आमच्या पायांना जन्माची सवय, आम्हाला काय होतंय, असं म्हणत कडेला चपला काढल्या आणि तो उभा राहायचा तिथं डब्याजवळ जाऊन उभा राहिलो. चेंडू मारता आला नाही. नुसता उभा राहिलो, पायाची बोटं कळेनाशी होईपर्यंत.

लई गार लागतं. एकदा तरी सांगायचं होतं, गड्या.