वाटेतलं पाणी

रूपसिंग राठोड आमच्या चारीचा पाटकरी. वसमत तालुक्यातल्या आमच्या शिवाराला कालव्याचं पाणी याच चारीतून येतं आणि वरचं दार किती उघडायचं ते रूपसिंग ठरवायचा. पन्नाशीचा, तांड्यावरचा माणूस, बोलायला महाकंजूष. दहा वर्षं मी त्याला पाण्यात पाहत होतो. माझं शेत चारीच्या शेवटाला. तिथल्या माणसाला कुंपणच शेत खातंय असं सदा वाटत राहतं.

त्याची एक खोड मला फार खटकायची. कमरेला सुतळी असायची. दाराच्या चाकाला एक आटा, म्हणजे एक फेरा, दिला की तो सुतळीला एक गाठ मारायचा आणि काही तासांनी सायकलवर आमच्याकडे येऊन, पाणी पोचलेलं बघून ती सोडायचा. विचारलं तर म्हणे, "आज्जा बैलांवर मीठ न्यायचा. गोणी निघाली पण पोचली न्हाई, तवर तिची गाठ ठेवायचा." मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या! एका गिऱ्हाइकाला एक गाठ. कुणाला किती पाणी विकलं ते ध्यानात ठेवायची युक्ती ही.

दार उघडल्यावर पाणी आमच्यापर्यंत यायला पाच तास लागतात, कधी सहा. मध्ये वीज आली की तीसेक मोटारी एकदम पाणी ओढतात, आणि वीज कधी येईल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. आमच्याकडे पाणी उतरलं की रूपसिंग किती कमी पडतंय ते बघायचा, त्यातून वाटेत असलेलं पाणी वजा करायचा, उरेल तेवढाच आटा द्यायचा आणि गप्प बसायचा. त्या गप्प बसण्याची मला भयंकर चीड यायची.

गेल्या डिसेंबरात पाण्याची पाळी चालू असताना सकाळीच चारीतलं पाणी घोट्याखाली गेलं. मी फोन लावला.

"आत्ताच दोन आटे दिलेत, सोनाजीराव," तो म्हणाला. "पाणी वाटंत हाय. धीर धरा."

गहू तहानलेला आणि हा म्हणतो धीर धरा! मोटारसायकल काढून दहाच्या सुमाराला वरच्या दाराशी गेलो. रूपसिंग तिथे नव्हता. कुणाच्या तरी बांधावर चहा ढोसत असणार, दुसरं काय. चाकाच्या साखळीचं कुलूप दोन वर्षांपासून मोडकंच. चाकाला दोन आटे दिले आणि छाती फुगवून घरी आलो.

तीन वाजता त्याचे दोन आणि माझे दोन, चारही आट्यांचं पाणी एकदम आलं. चारी फुटली ती माझ्या शेजारच्या चतुराबाईच्या हळदीत. एकटी बाई, पाऊण एकर हळद, काढणीला दोन महिने उरलेले. सगळे कंद पाण्याखाली गेले.

रूपसिंग सायकल टाकून धावत आला. आधी मातीची पोती लावून फूट बुजवली, मग सुतळी पाहिली.

"माझ्या गाठी दोनच हायत. पाणी चार आट्यांचं हाय. धाच्या सुमाराला कुनीतरी चाक फिरवलंय."

बोलताना तो कुणाकडेच बघत नव्हता. मी मात्र त्याच्या तोंडाकडे बघत होतो, याला कळलं की काय म्हणून.

दुसऱ्या दिवशी पाणी वापर संस्थेची बैठक मारुतीच्या पारावर भरली. लोक म्हणाले, रूपसिंगनं कुणाकडून तरी पैसे खाऊन दार जास्त उघडलं. हा संशय दहा वर्षं मीच घरोघर वाटला होता. फुकटच्या मालाला गिऱ्हाईक कमी नसतं. रूपसिंगनं सुतळी पुढे केली तर लोक हसले. मग तो माझ्याकडे वळला.

"सोनाजीराव, काल तुमी वर आल्ते का? खरं सांगा. माझी रोटी हाय याच्यावर."

"न्हाई," मी म्हणालो.

त्यानं दाराजवळच्या खोलीची किल्ली पारावर ठेवली आणि तांड्याची वाट धरली. त्याला कामावरून काढलं.

नवा पाटकरी आम्ही फोन केला की दार उघडतो, ओरडलो की लावतो. चारी आज कोरडी, उद्या तुडुंब.

परवा चतुराबाईनं हाक मारून अंगणात बसवलं. तिची निम्मी हळद कुजली होती.

"तुमचंच बराबर व्हतं, भाऊ," ती म्हणाली. "त्या मानसाला तुमी आधीच वळखलं व्हतं."

लाजेनं माझा जीव अर्धा झाला. तिनं चहा आणून दिला आणि मी तो प्यायलो.