सूज उतरेपर्यंत

आत्या इंग्लंडहून येणार हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ती चेहऱ्याचं ऑपरेशन करून घ्यायला येणार आहे, हे मात्र फक्त मला माहीत होतं. फोनवर तिनं आधी माझ्या नवऱ्याची चौकशी केली, नांदेडला नळ रोज येतो का ते विचारलं, आणि मग एका दमात सांगून टाकलं. लातूरच्या एका डॉक्टरांशी तिचं बोलणं झालं होतं. गालांची ओघळलेली कातडी ते वर ओढून घेणार होते आणि डोळ्यांखालच्या पिशव्या काढणार होते. टाके निघाले की पंधरा-वीस दिवस ती माझ्याकडे नांदेडला राहणार होती आणि सूज उतरल्यावरच माहेरी, चाकूरला जाणार होती. चाकूरला कुणाला बोलू नकोस, असं तिनं दोनदा बजावलं.

चाकूरला म्हणजे माझ्या वडिलांना, आप्पांना. आत्या त्यांची एकुलती एक धाकटी बहीण. लग्न झालं तशी ती तिकडे गेली, त्याला आता अडतीस वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी तिचे यजमान वारले. मुलं आपापल्या गावी. लातूरहून चाकूर अगदी जवळ, त्यामुळे तिथं राहिली असती तर दुसऱ्या दिवशी गावभर झालं असतं. म्हणून नांदेड.

खरं सांगते, मला राग आला होता. त्रेसष्टाव्या वर्षी हे काय नवीन, असं मनात आलं. कॉलेजच्या ग्रंथालयात काम करताना दिवसभर मी तोंडातल्या तोंडात तिच्याशी भांडत होते. पण ती आली, ऑपरेशन झालं, नवव्या दिवशी मी तिला गाडीतून घेऊन आले आणि तो चेहरा पाहिल्यावर माझं भांडण कुठल्या कुठे गेलं. डोळ्यांखाली जांभळं, गालांवर हिरवट पिवळं, हनुवटीखाली सूज. कानांच्या पुढून मागे गेलेली टाक्यांची बारीक रेघ. ती उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायची आणि चमच्यानं मऊ भात खायची.

तीन-चार दिवसांनी चहा पिताना मी विचारलंच, कशासाठी केलंस हे?

ती तिकडे औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. तिचे यजमान गेल्यापासून, ती म्हणाली, येणारा प्रत्येक जण तिला विचारायचा, बरं नाही का तुम्हाला? ती हसत असली तरी विचारायचे. आजारी माणसं स्वतःचं औषध घ्यायला यायची आणि उलट तिलाच जपून राहायला सांगायची. "रोज कुणीतरी विचारणार म्हटल्यावर मलाच वाटायला लागलं की मला बरं नाही."

डॉक्टरांनी तिला वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, उन्हात जायचं नाही असं सांगितलं होतं. पण थोडं चालायला हवं होतं. घरात बसून ती कंटाळली. एक दिवस म्हणाली, पासपोर्ट पाहिला तर मी इथली परकीच. परदेशात जाऊन ऑपरेशन करून घेणारे लोक तिथं फिरतातसुद्धा. मलाही फिरव.

मला वाटलं चेष्टा करतेय. पण इकडे असताना तिनं खरंच काही पाहिलं नव्हतं. चाकूरहून ती नांदेडला दोनदाच आली होती, एकदा लग्नाच्या साड्यांसाठी आणि एकदा पासपोर्टच्या फोटोसाठी. दोन्ही वेळा बाजारातून थेट माघारी.

चेहऱ्याचा प्रश्न नांदेडनं आपोआपच सोडवला. आमच्याकडे पोरी स्कूटीवर निघाल्या की डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फनं गुंडाळतात, वर काळा गॉगल. मी आत्याला तसंच बांधून मागे बसवलं. आयटीआयच्या चौकात शेजारच्या रिक्षावाल्यानं मान वळवून तिला विचारलं, "बेटा, क्लासेस किधर हैं इधर?" आत्याला हसू आवरेना. दोन्ही हातांनी गाल धरून ती मागे हुंहुं करत राहिली, कारण हसलं की टाक्यांच्या जागा ओढायच्या.

पहिल्यांदा आम्ही गुरुद्वाऱ्यात गेलो. तिथं सगळ्यांचीच डोकी झाकलेली. लंगरच्या पंगतीत मात्र जेवायला स्कार्फ सोडावा लागला. ती ताठ पाठीनं बसली आणि गाठ सोडली. वाढणारे वाकून वाकून पुढे सरकत होते. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या सरदारजींनी तिच्याकडे एकदा पाहिलं, रोटी तिच्या ओंजळीत दिली आणि मागे वळून खीर मागवून घेतली. रोटी चावायला तिला जड जाईल हे त्यांना दिसलं होतं. विचारलं काही नाही. त्यानंतर आम्ही रोज संध्याकाळी कुठं ना कुठं जात होतो, कधी गोदावरीच्या घाटावर तर कधी नदीकाठच्या जुन्या किल्ल्यावर. एकदा तर नुसतं रेल्वेत बसायचं म्हणून मुदखेडला जाऊन पुढच्या गाडीनं परत आलो.

रविवारी मी तिला कंधारच्या किल्ल्यावर नेलं. सकाळी लवकर निघालो, ऊन चढायच्या आत परतायचं म्हणून. खंदकात पाणी होतं. दरवाजाच्या कमानीखाली गार सावलीत एक बाई सीताफळांची टोपली घेऊन बसली होती, पन्नाशीची असेल. आत्यानं कितीतरी वर्षांत झाडावरचं सीताफळ खाल्लं नव्हतं. ती दगडावर बसली, गॉगल काढला, स्कार्फ सोडला आणि फळ उकलायला लागली.

बाईनं तिच्याकडे पाहिलं आणि मग पाहतच राहिली. मला विचारलं, सासू का तुमची? मी म्हणाले, आत्या. ती टोपली सरकवून आत्याच्या जवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "कोण मारलं वो, माय?"

आत्याचा हात तोंडापाशीच थांबला. पडल्या म्हणून सांगावं असं माझ्या मनात आलं, पण बाई मला बोलू देईना. तिनं पदर मागे सारून स्वतःच्या भुवईवरचा वाकडा व्रण दाखवला. "माझंबी असंच व्हायचं. हळद लावत जा. आन् ह्या पोरीकडंच ऱ्हावा आता. माघारी जाऊ नका, ते काय सुधरत न्हाईत."

आत्या नुसती मान हलवून उठली असती तरी चाललं असतं. दहा मिनिटांत आम्ही तिथून जाणार होतो. पण ती म्हणाली, "कुणी मारलं न्हाई, बाई. मीच डॉक्टरकडून करून घेतलं." आणि तिनं सगळं सांगितलं. तिची चाकूरची बोली, जी माझ्या घरात इतके दिवस ऐकू आली नव्हती, ती त्या दगडावर बसून सहज बाहेर पडली.

बाईनं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे दुखणं काय नव्हतं?"

"न्हाई."

"मंग कामून?"

"मी लई थकलेली दिसत होते."

"थकला नव्हता का?"

सीताफळाच्या बिया आत्यानं हातातल्या हातात फिरवल्या. मग म्हणाली, "थकले होते."

"मंग निजायचं होतं की चार दिवस," बाई म्हणाली, आणि दोघी हसल्या. आत्यानं गाल धरले, ते पाहून बाई आणखी हसली. मग तिनं आत्याचे केस बाजूला करून कानामागच्या टाक्यांच्या खुणा निरखल्या, भरतकाम बघावं तशा. बारीक हायेत, म्हणाली. माझ्या दिसतात. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी वारला, हेही तिनं त्याच सुरात सांगितलं. निघताना दोन पिकलेली फळं निवडून तिनं आत्याच्या पिशवीत घातली. गालाला जोर लागत न्हाई ह्याला, म्हणाली.

गाडीत आत्यानं ती दोन फळं पिशवीतून काढून मांडीवर घेतली. मग म्हणाली, "तिनं मला हळद सांगितली गं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि टाक्यांच्या खुणांना झोंबलं, तसं तिनं रुमालाच्या टोकानं टिपून घेतलं. नांदेड यायच्या आधी तिनं ठरवून टाकलं. अनोळखी बाईला जे सांगता आलं ते सख्ख्या भावापासून लपवायचं म्हणजे काही खरं नाही. उद्या मला चाकूरला ने.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. आप्पा ओसरीत खुर्चीवर बसले होते, कपाळावर भस्माचे पट्टे, पुढ्यात पेपर. आत्यानं स्कार्फ काढला. आप्पा दचकून उठले. पडलीस का, म्हणाले. ती त्यांच्या पुढ्यात बसली आणि तिनं तसंच, काहीही न वगळता सांगितलं. आप्पांनी सगळं ऐकलं आणि पेपर उचलला. वाचत नव्हते. माझ्या वहिनीनं चहा आणला, तो निवला. जेवणं होईपर्यंत ते आत्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, आणलं ते चुकलं.

सुपारी कातरताना आप्पा बोलले, तेही तिच्याकडे न बघता. "तू अगदी आईसारखी दिसत होतीस. दोन-चार वर्षांनी यायचीस, तेव्हा मी तेवढं बघून घ्यायचो. बोललो न्हाई कधी."

आत्या त्यांच्याकडे वळली. "मलाबी तीच दिसायची, दादा. रोज आरशात. पण शेवटची दिसायची, दवाखान्यातली. मी आले तेव्हा तिला बोलतासुद्धा येत नव्हतं. तुला तिची चाळीस वर्षं हायेत. मला तेवढंच तोंड लक्षात राहिलंय."

आप्पांचा अडकित्ता थांबला. आजी गेली तेव्हा आत्या कशीबशी दोन दिवस आधी पोचली होती. ही गोष्ट आमच्या घरात आत्या वेळेवर आली म्हणून सांगितली जाते. त्या दोन दिवसांत तिनं काय पाहिलं, हे आम्ही कुणीच कधी विचारलं नव्हतं.

आप्पा उठून आत गेले. ते रागानं गेले असं मला वाटलं. पण हळूहळू त्यांनी आजीबद्दल बोलायला सुरुवात केली, आधी आतूनच, मग दारात उभं राहून. आजी आमच्या जुन्या दुकानाच्या गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना कशी दमात घ्यायची, लिंगपूजा झाल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नसे, आणि एकदा जत्रेत पाळण्यात बसून वरून ओरडली, उतरवा मला. आत्याला यातलं निम्मं माहीत नव्हतं. दुपार सरली तरी ती दोघं बोलत होती. संध्याकाळी मी निघाले तेव्हा आत्या माझ्याबरोबर आली नाही. उरलेले दिवस इथंच राहते, म्हणाली. लोक यायचे, बघायचे, मागे बोलायचे. तिनं ते चालवून घेतलं.

पुढच्या रविवारी मी गेले तर आप्पा तयार होऊन बसलेले. बहिणीला वडवळ नागनाथचं बेट दाखवायचं होतं, ती औषधी वनस्पतींची टेकडी. इतक्या जवळ राहून ते स्वतःही कितीतरी वर्षांत गेले नव्हते. मी गाडी काढली. टेकडीवर ऊन नसल्यातच जमा होतं, तरी आप्पांनी काळी छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली आणि सगळा वेळ हात खाली केला नाही. सूज बरीच उतरली होती. पिवळेपणा कानांच्या कडेला तेवढा उरला होता. चेहरा तिचाच होता, फक्त आवळून बांधल्यासारखा.

अर्ध्या वाटेवर आप्पा दम खायला थांबले. तिच्याकडे नीट पाहून म्हणाले, "बरी दिसायलीस."

"अजून सूज हाय, दादा."

"असू दे," ते म्हणाले, आणि एका झुडपाकडे बोट दाखवून त्याचं नाव विचारलं. आत्यानं सांगितलेलं नाव त्यांना पटलं नाही. त्यावरून दोघांचं भांडण लागलं, ते गाडीपाशी येईपर्यंत मिटलं नव्हतं.