उभी गाडी

दसऱ्याला घातलेला झेंडूचा हार पिकअपच्या बॉनेटवर वाळून गेला होता. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी अंगणात उभीच होती. घरच्यांनी तिची पूजा केली, पण चालू करून कुणी बघितली नाही. आज बॅटरी पार उतरलेली. मी तारा सोडवल्या, टर्मिनलवरचा पांढरा थर गरम पाण्यानं धुतला आणि चार्जर लावला.

"आई, विकून टाकू आता. तू आराम कर," मुलगा म्हणाला.

आराम! गाडी नुसती उभी असली तरी आतलं घड्याळ, अलार्म बॅटरी खातच राहतात. गाडी चालली, तरच बॅटरी भरते. आणि हा मला सांगतो, बसून राहा.

संध्याकाळी तारा परत जोडल्या. चावी फिरवताच इंजिन गुरगुरलं. मुलगा धावत आला.

"कुठं निघालीस?"

"ठरवलं नाही अजून. आधी फाटक उघड."