मगरीचा अर्ज

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या अस्थितज्ज्ञ डॉक्टरांना सगळी इमारत करवतबाई म्हणते. पाठीमागे, अर्थात. तोंडावर 'मॅडम'. उंची जेमतेम पाच फूट, मनगटं मात्र पैलवानाची. अठ्ठावीस वर्षं त्या लोकांची हाडं जुळवतायत. घरात खिळा ठोकायचा असला की त्यांचा नवरा मुकाट्यानं बाजूला होतो. हातोडी कुणाच्या हाती शोभते, हे त्या घरात लग्नानंतर आठवड्याभरातच ठरलं म्हणे.

बाईंची एक पद्धत आहे. प्लास्टर घट्ट झालं की जाड काळं पेन घ्यायचं आणि त्याच्यावरच मोडलेल्या हाडाचं चित्र काढायचं. खाली तीन तारखा: मोडलं कधी, बांधलं कधी, काढायचं कधी. "कागद हरवतो," त्या म्हणतात. "स्वतःचा हात कुणी बसमध्ये विसरून येत नाही."

याच पद्धतीपायी त्यांची डॉक्टरकी जायची वेळ आली. आणि त्यात माझाही हात होता. लपवून काय करू, सगळ्यांना माहीतच आहे.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, निवृत्त हेडक्लार्क. त्यानं कचेरी सोडली, कचेरीनं त्याला सोडलं नाही. समोर लिहिलेलं काही आलं की त्यावर शेरा मारायचा, शेऱ्याखाली सही, सहीखाली तारीख. वहिनींच्या वाणसामानाच्या यादीवरसुद्धा 'पाहिले' लिहून सही ठोकतो. पुढ्यात चहा ठेवला तर म्हणतो, "प्राप्त झाला."

एका सुट्टीच्या दिवशी हे गृहस्थ आमच्याकडे बल्ब बदलायला स्टुलावर चढले. मी चढतो म्हणालो, तर म्हणे, "भावोजी, तुमचं वजन बघून स्टूलच नामंजुरी देईल." हसला, आणि हसता हसताच खाली आला. स्टुलाचा एक पाय गेला, त्याचं डावं मनगट गेलं. बल्ब तेवढा शाबूत.

करवतबाई धावत खाली आल्या. स्वतःच्या गाडीतून त्याला रुग्णालयात नेलं, एक्स-रे काढला, प्लास्टर घातलं. सुट्टीमुळे केसपेपरची खिडकी बंद. "उद्या करू कागद," त्या म्हणाल्या. तो उद्या काही उजाडला नाही. प्लास्टरवर मात्र हाडाचं चित्र आणि तिन्ही तारखा, सगळं जागच्या जागी. काढायची तारीख होती पुढच्या महिन्याची चौदा.

दोन दिवसांनी मी मेहुण्याला बघायला गेलो. पेशंट घोरत होता. पांढरंशुभ्र प्लास्टर, शेजारी उशाशी पेन. आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्यानं काय करावं? मोडलेल्या हाडाची ती दातेरी रेघ म्हणजे आयते दात होते हो! जबडा जोडला, शेपटी काढली, अंग काळं रंगवलं. झकास मगर झाली. तारखा तिच्या पोटात गेल्या, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. खाली आणखी काहीबाही खरडलं आणि घरी आलो.

आता पुढचा तमाशा. चौदा तारीख आली, गेली. मेहुण्यानं प्लास्टर काढलं त्यानंतर तीन आठवड्यांनी. तेही घरीच, बादलीत भिजवून, स्वयंपाकघरातल्या कात्रीनं. मनगट लाकडासारखं ताठ. क्लबात पत्ते पिसण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि आता बावन्न पानं धरवेनात. चार मित्र हसले. झालं! त्यानं वैद्यकीय परिषदेकडे तक्रार ठोकली: डॉक्टरांनी प्लास्टर कधी काढायचं ते सांगितलं नाही, कागदही दिला नाही. परिषदेनं केसपेपर मागितला. केसपेपर नव्हताच. आदेश निघाला: सहा महिने नोंदणी स्थगित.

सहा महिने म्हणजे बाईंच्या जागी रुग्णालय दुसरा माणूस बसवणार, आणि बसलेला माणूस कधी उठतो का? बाईंनी आदेशाला हरकत घेतली. सुनावणी लागली.

आदल्या दिवशी मी जीव मुठीत धरून वर गेलो. बाई जमिनीवर बसून आमच्या त्या लंगड्या स्टुलाच्या पायाला प्लास्टर घालत होत्या. घालून झालं की त्यावर तारीख.

"हातांना काम नसलं की मला वेड लागतं," त्या म्हणाल्या. "बोला शेजारी."

"मॅडम, त्या तारखेवर ना... एक मगर आहे."

"काय आहे?"

"मगर. मी काढली."

त्यांनी पेनाचं टोपण सावकाश लावलं. "म्हणजे माझा एकुलता एक कागद तुमच्या मगरीनं खाल्ला."

"मी साक्ष देतो की! तारीख होती म्हणून सांगतो."

"तुम्ही? गेल्या वर्षी लिफ्टमध्ये भूत आहे म्हणून सांगत होतात." मग पेन बाजूला ठेवत म्हणाल्या, "या तरीही. माझ्या बाजूनं दुसरं कुणी नाहीच."

तेव्हा त्यांचा आवाज जरा हलला, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा विनोद सुचला नाही.

खाली बायको दारातच. "दादाच्या विरुद्ध बोलणार?"

"खरं ते बोलणार."

"बोला. पण दादाकडे बघून बोलू नका, तुम्हाला हसू येतं."

सुनावणीची खोली लांबलचक. टेबलापलीकडे तीन सदस्य, मधोमध अध्यक्ष, चष्मा दोरीला टांगलेला. मेहुणा इस्त्रीचे कपडे घालून आला होता. त्यानं ऐटीत पिशवीत हात घातला आणि टेबलावर काय ठेवलं? तेच प्लास्टर! मला वाटलं होतं ते कधीच कचऱ्यात गेलं. तर या पठ्ठ्यानं कापलेल्या कडा चिकटपट्टीनं जोडून, तळाला पुठ्ठा लावून त्याचं चक्क पेनस्टँड केलं होतं. आत चार पेनं आणि एक कंगवा.

"माझ्या यातनांचा पुरावा, साहेब."

"कंगवासुद्धा?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही, तो वापरातला आहे."

अध्यक्षांनी कंगवा दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला. "डॉक्टर, काढायची तारीख कुठे आहे?"

"मगरीच्या पोटात," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

"आणि ही मगर?"

मी उभा राहिलो. "माझी, साहेब. म्हणजे मगर माझी, हाड मॅडमचं, हात यांचा."

"खाली बसा."

बसलो. अध्यक्षांनी प्लास्टर फिरवलं आणि थबकले. पेनस्टँडची ही बाजू इतके दिवस भिंतीकडे असणार. त्यांनी चष्मा चढवला आणि वाचायला लागले. माझंच अक्षर!

"'माननीय महोदय, चौदा तारखेला मला या हातावरून हाकलणार असल्याचे डॉक्टरीणबाईंच्या लिखाणावरून समजते. मी एक गरीब, लेकुरवाळी मगर असून माझा मुक्काम वाढवून मिळावा ही विनंती. आपली नम्र, मगर.'"

उजवीकडच्या सदस्यबाईंनी तोंडासमोर फाईल धरली. फाईल हलत होती. करवतबाई छताकडे बघत होत्या, ओठ घट्ट मिटून.

"हा यांचा वात्रटपणा, साहेब!" मेहुणा उसळला. "मला याची काही कल्पना नाही."

"थांबा, खाली शेरा आहे." अध्यक्षांनी प्लास्टर आणखी जरा वळवलं. "'अर्ज वाचला. चौदा तारखेपासून तीन आठवडे मुदतवाढ मंजूर.' खाली सही, त्याखाली तारीख. ही सही कुणाची?"

मेहुण्यानं प्लास्टर हातात घेतलं. लांब धरलं, जवळ धरलं. चेहऱ्यावरून आधी लाल, मग पांढरा रंग गेला. नाही म्हणून सुटता आलं असतं. पण चाळीस वर्षांत स्वतःची सही न नाकारलेला माणूस तो. बायकोनं बजावलेलं असूनही मी त्याच्याकडे बघितलं, आणि खरं सांगतो, मला अभिमान वाटला.

"सही माझीच आहे," तो म्हणाला. मग अगदी हळू, "जावक क्रमांक घालायचा राहिला."

फाईल खाली पडली. सदस्यबाई टेबलाखाली गेल्या, फाईल उचलायला म्हणून, आणि बराच वेळ वर आल्याच नाहीत.

"मुदतवाढ का दिलीत?" अध्यक्षांचाही आवाज सरळ येईना.

"प्लास्टर होतं तोवर घरात मला कुणी ऊठ म्हणत नव्हतं, साहेब. चहा हातात यायचा. म्हटलं, राहू दे मगर. नंतर हात वळेना. मग कुणाला तरी जबाबदार धरायला हवंच ना?"

आम्हाला बाहेर बसवलं. अर्धा तास बाई एकाच फरशीकडे बघत होत्या. मग आदेश आला: स्थगिती रद्द. केसपेपर त्याच दिवशी केला नाही याबद्दल लेखी समज. आणि शेवटची ओळ: 'प्लास्टरवर त्रयस्थांना चित्रे काढू देऊ नयेत.'

बाई जिन्यात आल्या, तिसऱ्या पायरीवर मटकन बसल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसलो. वरच्या पायरीवर मेहुणा एका हातानं पेनस्टँड छातीशी धरून, दुसऱ्यात कंगवा घेऊन उभा होता, न हसता.

"इकडे या," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "हात दाखवा. कंगवा खाली ठेवा आधी."

त्यांनी मनगट धरलं, वाकवलं. मेहुणा कळवळला. "अजून सुटेल हे. रोज व्यायाम, दीड महिना. पत्ते पिसाल. सोमवारी नऊला यायचं."

पर्समधून कागद काढून तारीख, वेळ लिहिली, तो त्याच्यापुढे धरला. त्यानं मुकाट्यानं लिहिलं, 'पाहिले', सही, तारीख. तेवढ्यानं बाईंचं समाधान होईना. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि त्याच्या उघड्या मनगटावर पुन्हा लिहिलं: सोमवार, नऊ.

मग पेन माझ्यापुढे केलं.

"मॅडम, आदेशात आत्ताच..."

"आदेश प्लास्टरबद्दल आहे. काढा. फक्त मगर नको, कासव काढा. हा माणूस काही वेळेवर यायचा नाही."