परत घेतलेला पासपोर्ट

शेवंती लग्न होऊन लालबागच्या चाळीत आली, तेव्हा पहिला गोंधळ तिच्या नावावरून झाला. मजल्यावरच्या बायकांनी विचारलं, "माहेरचं नाव काय गो?"

"शेवंती धोंडू."

"धोंडू वडलांचं नाव झालं. आडनाव?"

"तेच आडनाव."

पाच पिढ्यांपूर्वी धोंडू नावाचा कोकणातला कुणी एक माणूस ऊसमळ्यावर राबायला मॉरिशसला गेला. बंदरावरच्या साहेबाने त्याचं पहिलंच नाव तेवढं लिहून घेतलं आणि पुढे सगळ्या घराण्याला तेच चिकटलं. शेवंतीच्या घरात मराठी टिकली होती, पण दारापलीकडे क्रिओल आणि शाळेत फ्रेंच. तिच्या मराठीत पणजीच्या तोंडचे शब्द होते. मुंबईत ते ऐकून कुणी हसलं की ती रागावत नसे, तोच शब्द पुन्हा जोरात म्हणे.

दीपक तोरसकरही हसला होता. तो मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत मोटरमन. जहाज दुरुस्तीसाठी पोर्ट लुईला अडकलं, गणपतीचे दिवस आले, आणि हा लालबागचा माणूस तिथल्या देवळात आरतीला जाऊन उभा राहिला. आरती म्हणणारी मुलगी एक शब्द भलताच म्हणत होती. तो हसला. आरती संपल्यावर तिने त्याला गाठून विचारलं, "तुमच्याकडे देवापुढं दात काढतात काय?" वर्षभरात लग्न झालं.

मनवा झाली. आणि मनवा तीन वर्षांची असताना दीपक जहाजावरच छातीत कळ येऊन गेला. घरी आलं ते त्याचं शरीर आणि एक निळी बॅग.

शेवंती आता माहेरी जाणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं. तिच्या सासूने, दुर्गाबाईंनी, ते कधी बोलून दाखवलं नाही. तेराव्यानंतर त्यांनी एवढंच विचारलं, "मनवाक शाळेत खंय घालूया?" शेवंती म्हणाली, "इथंच. कोपऱ्यावरच्या." विषय संपला.

सरकारदरबारी मात्र तो संपला नव्हता. तोवर ती भारतीय माणसाची बायको म्हणून राहत होती. आता परदेशी नागरिकांच्या कार्यालयात दर वर्षी मुदत वाढवायला गेलं की तोच प्रश्न येई, "पती कुठे आहेत?" आणि ती दर वर्षी मृत्यूचा दाखला पुढे सरकवी. नवरा असता तर सात वर्षांच्या वास्तव्यावर नागरिकत्व मागता आलं असतं. तो नसल्यामुळे बारा वर्षांचा लांबचा रस्ता उरला. मुलगी भारतीय, सासू भारतीय आणि मधली ही परदेशी. मुदतीचे दिवस जवळ आले की दुर्गाबाई जेवायच्या कमी. विचारलं तर म्हणायच्या, पित्त झालंय.

दादरच्या एका क्लासमध्ये शेवंती दहावीच्या मुलांना फ्रेंच शिकवी. तिथल्या मेघनाताई आणि शेजारचे गंगाधरकाका, या दोघांनी तिच्या वर्तणुकीची प्रतिज्ञापत्रं दिली. वर्तमानपत्रात जाहीर सूचना आली, या बाईंना नागरिकत्व देण्यास कुणाची हरकत असल्यास कळवावे. मनवाने ती मोठ्याने वाचली. दुर्गाबाई म्हणाल्या, "माझी हरकत आसा म्हणान लिव. बांगड्याच्या तिकल्यात गूळ घालता ही." त्या दिवशी घरात खूप दिवसांनी हसणं झालं.

पोलीस चौकशी झाली, जिल्हाधिकारी कार्यालयात फेऱ्या झाल्या, आणि दोनेक वर्षांनी दिल्लीहून पत्र आलं. अर्ज तत्त्वतः मान्य. आता आधीच्या देशाचं नागरिकत्व सोडल्याचा पुरावा ठराविक मुदतीत द्यायचा, मग प्रमाणपत्र.

सोमवारी शेवंतीने मॉरिशसच्या वकिलातीत जाऊन त्यागपत्रावर सही केली आणि पासपोर्ट खिडकीतून आत दिला. आतल्या बाईंनी क्रिओलमध्ये विचारलं, "नक्की ना?" ती हो म्हणाली. जिना उतरताना तिला पर्स हलकी वाटली. पासपोर्टचं वजन ते किती असणार, पण वाटली.

गुरुवारी सकाळी तिच्या धाकट्या भावाचा, अनिशचा फोन आला. आईला अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. "डॉक्टर म्हणतात, माणसं बोलावून घ्या. ताई, तू आजचं विमान धर."

शेवंती गॅलरीत उभी होती. खाली फुलवाला हार बांधत होता. ती म्हणाली, "अनिश, माझ्याकडे पासपोर्ट नाही."

"म्हणजे?"

"सोमवारी दिला."

मग अनिश म्हणाला, "मग मी आईला काय सांगू?" आणि फोन बंद झाला.

दुर्गाबाई दारातच होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. शेवंतीने तरीही सांगितलं, अगदी नीट, एखाद्या तिऱ्हाइताची हकीगत सांगावी तसं. पासपोर्ट परत मिळेल की नाही माहीत नाही. मिळाला, तर इथला अर्ज बारगळू शकतो. शिवाय राहण्याची मुदत या महिनाअखेर संपते. नागरिकत्व येणारच म्हणून वाढवायला टाकली नव्हती. त्याच्या आत परतलं नाही तर नव्याने व्हिसा मागायचा. विधवेला तो कुठल्या नात्याने देणार?

"तुझी आवस थंय पडान आसा," दुर्गाबाई म्हणाल्या, "आणि तू हंय हिशोब घालतंस? आवस गेल्यार तो कागद काय चाटूचो आसा?"

"आणि मला परत येऊ दिलं नाही तर?"

दुर्गाबाईंनी पदराने चेहरा पुसला. "मनवाक मी बघतंय. तू जा. पण परत ये हां गो."

शेवंतीने टॅक्सी केली. परळच्या पुलावर टॅक्सी अडकली तेव्हा तिला वाटलं, हे बरंच झालं. वकिलात बंद होईल आणि ठरवायचं माझ्यावर राहणार नाही. असं वाटल्याची तिला लगेच लाज वाटली. टॅक्सी निघाली.

खिडकीतल्या बाईंनी तिचं ऐकून घेतलं. "तुमचे कागद अजून इथंच आहेत," त्या म्हणाल्या. "उद्या शुक्रवार, उद्याच्या टपालाने जातात. तिकडे नोंद झाली की मग तुमचा आमचा संबंध संपला. आज मागे घेतलेत तर पासपोर्ट आत्ता देते. मात्र भारत सरकार याला काय म्हणेल, ते मी सांगू शकत नाही."

"तुम्ही काय केलं असतं?"

"ते मला विचारू नका."

शेवंती बाकावर जाऊन बसली. तिने मनवाला फोन लावला नाही, अनिशलाही नाही. आई शेवटची मुंबईला आली होती ती दीपक गेल्यावर. तेव्हा महिनाभर ती रोज पहाटे उठून नळावरचं पाणी भरत होती, कुणी न सांगता. शेवंती उठली आणि खिडकीशी जाऊन म्हणाली, "द्या."

मॉरिशसच्या इस्पितळात आईने तिला ओळखलं की नाही, हे पहिले काही दिवस कळलंच नाही. डोळे उघडे, पण नजर छताला. शेवंती चमच्याने पेज भरवी, निम्मी गळ्यावर ओघळे. अनिश एका हॉटेलात कामाला होता, पाळी संपवून येई. इस्पितळाच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. शेवंती त्याच्याकडे पाठ करून बसे.

परतायचा दिवस दोन दिवसांवर आला, तरी आईची वाचा नव्हती.

"तिकीट पुढे ढकल," अनिश म्हणाला.

"ढकलता येत नाही."

"येत नाही की ढकलायचं नाही?"

शेवंतीला स्वतःलाच ते धड ठाऊक नव्हतं. अनिश म्हणाला, "तुला इथलं असणं नकोसंच झालं होतं. सही करून आलीसच ना." ती बाहेर व्हरांड्यात गेली. तिथे एक बाई आपल्या नवऱ्याच्या पायाला तेल चोळत होती. शेवंती तिच्याकडे बघत उभी राहिली आणि थोड्या वेळाने आत आली.

निघायच्या दिवशी ती आईची वेणी घालत होती. आईचा जड, घसरता आवाज आला.

"मनवा कुठं?"

शेवंतीचे हात थांबले. "मुंबईला. आजीपाशी."

आई श्वास गोळा करत राहिली. मग म्हणाली, "मग तू हितं का?"

हे रागावणं होतं, की मोकळं करणं, की नुसताच बिघडलेल्या मेंदूतून आलेला प्रश्न, हे शेवंतीला त्या वेळी कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. तिने वेणी पुरी केली. अनिशने विमानतळावर सोडलं. सामान उतरवताना तो म्हणाला, "मी बोललो ते..." ती म्हणाली, "राहू दे."

मुंबईच्या विमानतळावर खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्याने पासपोर्ट हातात घेतला, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा पासपोर्टकडे पाहिलं. "मुदत परवा संपते."

"हो. मुदतीच्या आत आलेय मी."

"नागरिकत्वाचा अर्ज केलाय तुम्ही? मग हा पासपोर्ट सोडला नाहीत?"

"सोडला होता. परत घेतला."

"असं करता येतं?" त्याने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. "बाजूला बसा."

ती बसली. तिच्या विमानातली माणसं एकेक करून निघून गेली, पुढच्या विमानातली आली, तीही गेली. बाहेर मनवा आणि दुर्गाबाई उभ्या होत्या. मनवाचे मेसेज येत होते. 'दिसत नाहीस.' 'आई कुठे आहेस.' 'आजीला बसायला जागा नाही.' शेवंतीने लिहिलं, 'येते.' आणि ते खरं आहे का, याचा विचार करत राहिली.

अखेर एक वयस्क अधिकारी आले. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं विचारलं. तिने काही लपवलं नाही. ते म्हणाले, "आई कशी आहे आता?"

"बोलायला लागली."

त्यांनी कुठेतरी फोन केला, हळू आवाजात बोलले, खिडकीकडे गेले. शिक्का पडल्याचा आवाज आला तेव्हा शेवंतीने मनवाला लिहिलं, 'आले.'

मुदतवाढीचा अर्ज तिने दुसऱ्याच दिवशी केला. मग फोर्टातल्या जिल्हाधिकारी कार्यालयात गेली. तिची फाइल राजरत्न सोनावणे नावाच्या अधिकाऱ्यांकडे होती. हळू बोलणारे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "जो देश सोडायचा ठरवलात, त्याचाच पासपोर्ट घेऊन गेलात. उद्या दिल्लीने विचारलं, की बाईंचं मन खरंच झालंय का, तर मी काय लिहू?"

"मन झालंय, साहेब. आईचं आजारपण माझ्या मनाला विचारून आलं नाही."

त्यांनी एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. "हे लिहून द्या. सजवू नका. जे झालं तेवढंच." तिने तिथेच बसून मराठीत लिहिलं. त्यांनी वाचलं, एका ठिकाणी तारीख टाकायला लावली. "मी शिफारस करतो. निर्णय माझ्या हातात नाही. अर्ज निकालात काढला, तर पुन्हा पहिल्यापासून."

पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. राहण्याची मुदत अर्ध्या वर्षाची मिळाली, मग पुन्हा वाढवावी लागली. कार्यालयात गेलं की सोनावणे मान हलवत, अजून नाही. दुर्गाबाईंचं पित्त काही बरं होईना.

उन्हाळा लागता लागता दिल्लीहून उत्तर आलं. नागरिकत्व सोडल्याचा पुरावा द्यायची मुदत वाढवून दिली होती. शेवंतीने पुन्हा त्याच खिडकीत तोच पासपोर्ट दिला. या वेळी टपाल गेलं, नोंद झाली, आणि पासपोर्ट कोपरा कापून परत आला. आता ती तिकडची नव्हती आणि अजून इकडचीही नव्हती.

ते आठवडे तिने कसे काढले, हे तिचं तिलाच ठाऊक. फोन वाजला की ती आधी अनिशचं नाव आहे का ते बघे; आता परत घ्यायला पासपोर्टच नव्हता. शेवटी तिने अनिशला बजावलं, आधी 'आई बरी' असा मेसेज टाकायचा, मग फोन करायचा. तो तसं करी. एकदा मात्र क्लास चालू असताना त्याचा थेट फोन आला. मुलं वहीत लिहीत होती. ती फोन घेऊन जिन्यात गेली. कठडा घट्ट धरला. मग उचलला.

"ताई, मनवाच्या फ्रॉकचं माप काय? आई शिवायला टाकते म्हणते."

शेवंतीला त्याला काय काय बोलायचं होतं. ती म्हणाली, "फ्रॉक नाही घालत ती आता. कुर्ता शिवायला टाका." आणि जिन्यात बसून तिने डोळे कोरडे होईपर्यंत वाट पाहिली. वर्गात आली तेव्हा मुलांनी धडा संपवला होता.

शपथेसाठी बोलावणं आलं, तेव्हा सोबत दुर्गाबाई आणि मनवा होत्या. शपथ कोणत्या भाषेत घेणार, असं सोनावणेंनी विचारलं. "मराठीत." तिने कागद हातात घेतला आणि वाचला. एका शब्दाचा उच्चार तिच्या पणजीसारखा झाला. मनवाने खाली पाहिलं. सोनावणेंनी हसू दाबलं की त्यांना कळलंच नाही, कोण जाणे; त्यांनी प्रमाणपत्र पुढे केलं आणि म्हणाले, "स्पेलिंग तपासून घ्या. नंतर दुरुस्तीला फार त्रास होतो." तिने तपासलं. शेवंती धोंडू तोरसकर. बरोबर होतं.

घरी येऊन तिने आईला व्हिडिओवर फोन लावला. आई अंगणात खुर्चीवर बसली होती, उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. तिने विचारलं, डिसेंबरात येणार काय. शेवंती म्हणाली, आता इथला पासपोर्ट काढायला लागेल, मग बघू. आईला ते पसंत पडलेलं दिसलं नाही. तिचं तोंड वाकडं होतं ते झटक्याने की रुसव्याने, हे फोनवर कळायला मार्ग नव्हता. दुर्गाबाईंनी फोन हातात घेतला. "विहीणबाई, तुमका जेवण जाता मा नीट?" त्यांनी विचारलं. आईने काहीतरी उत्तर दिलं, निम्मं क्रिओलमध्ये. दुर्गाबाईंना ते कळलं नसणार. तरी त्या बराच वेळ हूं हूं करत ऐकत बसल्या, आणि शेवंती क्लासला जायला म्हणून साडी बदलायला आत गेली.